भीतीचाच अभ्यासक्रम करणारा शिक्षक

व्यक्तिमत्त्व विकासाचे, संभाषणकलेचे, आत्मविश्वास वाढविण्याचे क्लास आज मुंबई-पुण्यातल्या मध्यमवर्गीय वस्त्यांत कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात. पुस्तकांच्या दुकानांत या विषयाचा स्वतंत्र कप्पा असतो आणि त्या कप्प्यात डेल कार्नेगी हे नाव हमखास आढळते. लाखो लोकांना चारचौघांत बोलायला शिकविणारा हा माणूस जन्मतःच हजरजबाबी आणि आत्मविश्वासाने ओतप्रोत असावा, असा वाचकाचा समज होतो. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. आपण कशासाठीच लायक नाही, ही शंका कार्नेगी यांना आयुष्यातील निम्मा काळ तरी छळत राहिली. त्यांचा व्यवसाय उभा राहिला तो त्या शंकेवरच.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात मेरिव्हिल गावाजवळच्या एका शेतावर २४ नोव्हेंबर १८८८ रोजी डेलचा जन्म झाला. शेताजवळून वाहणारी नदी दर पावसाळ्यात उभे पीक गिळून टाकी. कधी डुकरांना साथीचा रोग होई, तर कधी पीक चांगले येऊनही बाजारभाव कोसळे. वडील कष्टाळू होते. पण कर्ज फिटत नव्हते. आई धार्मिक वृत्तीची होती आणि मुलाने उत्तम वक्ता व्हावे, असे तिला वाटे. मुलगा मात्र कमालीचा भित्रा होता. वीज पडून आपण मरू, मोठेपणी आपल्याशी कोणी लग्नच करणार नाही, अशा नाना चिंता त्याला खात. लहानपणी खेळताना उडी मारली असता बोटातली अंगठी खिळ्यात अडकून त्याने डाव्या हाताची तर्जनी गमावली होती.

पुढे हे कुटुंब वॉरेन्सबर्ग येथे आले आणि डेल तेथील सरकारी अध्यापक विद्यालयात शिकू लागला. गावात खोली घेऊन राहण्याइतके पैसे घरात नव्हते. पहाटे गाई दोहायच्या, मग घोड्यावरून तीन मैलांची रपेट करून विद्यालय गाठायचे, असा त्याचा दिनक्रम होता. आखूड झालेली विजार आणि तोकडा कोट यांची त्याला लाज वाटे. विद्यालयात दोनच प्रकारच्या मुलांना मान आहे, हे त्याच्या लक्षात आले होते. एक खेळाडूंना आणि दुसरा वक्तृत्व स्पर्धा जिंकणाऱ्यांना. खेळात गती नव्हती म्हणून त्याने वक्तृत्वाचा मार्ग धरला. घोड्यावर बसून, गाई दोहताना तो भाषणांचा सराव करू लागला. तरीही स्पर्धांमागून स्पर्धांत तो हरला. यश मिळू लागले ते बऱ्याच उशिरा. मात्र त्यानंतर इतर विद्यार्थी त्याच्याकडे शिकायला येऊ लागले. लॅटिन विषयाने दगा दिल्यामुळे पदवी मात्र हाती लागली नाही.

१९०८ मध्ये शिक्षण संपवून तो पत्राद्वारे शिकविणाऱ्या एका संस्थेचे अभ्यासक्रम विकू लागला. त्यात तो इतका अपयशी ठरला, की नेब्रास्कातील एका हॉटेलच्या खोलीत पलंगावर पडून त्याने आसवे ढाळली. नंतर ओमाहा शहरात आर्मर कंपनीसाठी डुकराचे मांस, साबण आणि चरबी विकण्याचे काम त्याने धरले. तेथे त्याचा जम बसला. त्याच्याकडे आलेला विक्रीविभाग २९ विभागांत पंचविसावा होता. त्याने तो पहिल्या क्रमांकावर नेला. कंपनीने बढती देऊ केली. पण त्याने राजीनामा दिला. १९११ मध्ये साठविलेल्या पैशांवर तो न्यूयॉर्कला नाट्यशिक्षण घेण्यासाठी गेला. एका फिरत्या नाटकात डॉक्टरची भूमिका करून आल्यावर रंगभूमी हे आपले क्षेत्र नव्हे, एवढेच त्याला उमगले.

वयाच्या तेविसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये मालमोटारी विकत होता. त्या कशा चालतात, हे त्याला ठाऊक नव्हते आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. राहण्याची खोली झुरळांनी भरलेली होती. रोज रात्री डोके दुखे. ते दुखणे नैराश्याचे आणि कडवटपणाचे होते, असे त्याने पुढे लिहिले. अखेर त्याने नोकरी सोडली. रात्री प्रौढांना शिकवायचे आणि दिवसा कादंबऱ्या लिहायच्या, असा बेत ठरला. शिकवायचे काय? कॉलेजातल्या सर्व शिक्षणापेक्षा आपल्याला वक्तृत्वाच्या सरावाचाच व्यवहारात अधिक उपयोग झाला, हे त्याला आठवले. कारण त्या सरावानेच मनातला न्यूनगंड थोडाफार कमी झाला होता.

कोलंबिया आणि न्यूयॉर्क या दोन्ही विद्यापीठांच्या रात्रवर्गांसाठी त्याने अर्ज केले. दोन्हीकडून नकार आला. मग तो १२५व्या रस्त्यावरील वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेकडे गेला. एका रात्रीचे दोन डॉलर, ही त्याची मागणी होती. एवढी जोखीम घेण्यासही संस्था तयार नव्हती. वर्ग चालला आणि नफा झाला, तर त्यातला वाटा मिळेल, असे ठरले.

ऑक्टोबर १९१२ मध्ये पहिला वर्ग भरला. नव्या शिक्षकाने बरोबर आणलेले सगळे सांगून झाले आणि वेळ मात्र उरला. ऐन वेळी त्याने विद्यार्थ्यांनाच उभे केले आणि तुम्हाला कशाचा राग येतो ते सांगा, असे सुचविले. नाव सांगतानाही ज्यांची जीभ अडखळत होती, ती माणसे संतापाच्या भरात धडाधड बोलू लागली. पाठ केलेल्या शब्दांपेक्षा स्वतःच्या अनुभवाचा आधार घेतला की भीती मागे सरते, हे त्या रात्री कार्नेगी यांना समजले. पुढील सर्व अभ्यासक्रमाचा पाया हाच ठरला.

या वर्गाची एक अट कार्नेगी यांना सुरुवातीला जाचक वाटली होती. विद्यार्थी शुल्क हप्त्यांनी भरत. उपयोग होत नाही असे वाटले, की ते येणे थांबवीत. शिक्षकाला पगार नव्हता. खुर्च्या रिकाम्या झाल्या, की उत्पन्न बुडे. वर्गात येणारे लोक विक्रेते, कारकून, छोटे व्यावसायिक होते. दिवसभर राबून आलेल्या या माणसांना पाठ्यपुस्तकी वक्तृत्वशास्त्र नको होते. उद्याच्या बैठकीत पाय न थरथरता उभे राहता यावे, एवढेच त्यांना हवे होते. त्यामुळे दर आठवड्याला उपयोगी पडेल असेच काही देणे त्यांना भाग पडले. ही सक्ती म्हणजेच आपले सर्वांत मोठे शिक्षण होते, हे त्यांनी नंतर मान्य केले. दोन डॉलर नाकारणारी ती संस्था काही वर्षांतच वाट्यापोटी त्यांना रात्रीचे तीस डॉलर देऊ लागली.

तरीही शंकेने पाठ सोडली नव्हती. आपण खरे लेखक आहोत आणि क्लास हा केवळ पोटापाण्याचा उद्योग आहे, असे त्यांना वाटे. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात राहून त्यांनी दोन वर्षे खपून एक कादंबरी लिहिली. त्यांच्या साहित्यिक प्रतिनिधीने ती वाचून, तुमच्यात कादंबरीकाराचे गुणच नाहीत, असे तोंडावर सांगितले. कित्येक आठवडे ते सुन्न होते. मग त्यांनी निर्णय घेतला: दुसरा कोणी होण्याचा हट्ट सोडायचा आणि जे आपल्याला जमते त्या शिकवण्याकडे पूर्ण मनाने वळायचे.

याच काळात त्यांनी आपल्या आडनावाचे स्पेलिंग बदलून पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्याप्रमाणे केले. त्या घराण्याशी त्यांचे नाते नव्हते. प्रामाणिकपणा शिकविणाऱ्या माणसाच्या चरित्रातील हा तपशील आजही खटकतो. १९३१ मध्ये त्यांचा पहिला विवाहही घटस्फोटात संपला. माणसे कशी जोडावीत याचे धडे देणाऱ्याला ही जखम लपवता येण्यासारखी नव्हती.

१९३४ मध्ये सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेतील लिऑन शिम्किन त्यांच्या वर्गात येऊन बसले आणि या व्याख्यानांचे पुस्तक करा, असा त्यांनी आग्रह धरला. साहित्य तयारच होते. आधी एका छोट्या कार्डावर छापलेले काही नियम, पुढे मोठे कार्ड, मग पत्रक, मग पुस्तिका. विद्यार्थी ते नियम घरी, कचेरीत वापरून पाहत आणि परत येऊन अनुभव सांगत. पंधरा वर्षांच्या या पडताळणीतून ‘हाऊ टू विन फ्रेंड्स अँड इन्फ्लुएन्स पीपल’ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या पाच हजार प्रती छापल्या होत्या. पुढचा इतिहास सर्वज्ञात आहे.

टीकाही झाली. हसतमुखाने लोकांना गुंडाळण्याची ही विद्या आहे, असा सूर कादंबरीकार सिंक्लेअर लुईस यांच्यासारख्यांनी लावला. खुशामत आणि मनापासूनचे कौतुक या भिन्न गोष्टी आहेत, हे कार्नेगी सांगत राहिले. हा वाद आजतागायत मिटलेला नाही. स्वतःबद्दल मात्र ते कठोर होते. आपण केलेल्या मूर्खपणाच्या नोंदींची एक फाइल त्यांच्या कपाटात असे आणि ती ते अधूनमधून वाचत. चिंतेवर शिकविण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा चिंतेवरील २२ पुस्तके सापडली आणि किड्यांवरील १८९. त्या शोधातूनच १९४८ चे दुसरे गाजलेले पुस्तक आकाराला आले.

१ नोव्हेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. तोपर्यंत पहिल्या पुस्तकाच्या ५० लाख प्रती ३१ भाषांतून खपल्या होत्या आणि सुमारे साडेचार लाख लोकांनी त्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी ओमाहातील एका वर्गात वॉरन बफे नावाचा, चारचौघांत बोलायला घाबरणारा तरुणही होता. ज्या शहरात कार्नेगी कधीकाळी साबण आणि चरबी विकत होते, तेच हे शहर.

आपण शिकवायला लायक आहोत का, हा प्रश्न आज नवा क्लास काढणाऱ्या प्रत्येकाला पडतो. कार्नेगी यांनी त्याचे उत्तर आरशासमोर उभे राहून शोधले नाही. ते उत्तर त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा भरलेल्या खुर्च्यांत मिळत गेले.