शस्त्रक्रियेला शास्त्राची बैठक देणारा जॉन हंटर

स्कॉटलंडमधील लाँग कॅल्डरवुड येथे १७२८ साली जॉन हंटरचा जन्म झाला. दहा भावंडांतले हे शेंडेफळ. शाळेत त्याचे मन रमले नाही. रानात पक्षी, किडे, मुंग्या न्याहाळणे हाच त्याचा अभ्यास. १७४८ मध्ये लंडनला थोरला बंधू विल्यम याच्या शरीररचनेच्या विद्यालयात तो मदतनीस झाला आणि शवविच्छेदन करता करता शल्यविशारद बनला. १७६८ पासून तो सेंट जॉर्जेस रुग्णालयात होता.

गुडघ्यामागील धमनी फुग्यासारखी फुगण्याचा विकार त्या काळी घोडागाडी हाकणाऱ्यांत आढळे. खळग्यात नाडीसारखी उडणारी गाठ हाताला लागली, की निदान झाले. उपाय दोनच : मांडीतून पाय कापणे, नाहीतर गाठ चिरून धमनी बांधणे. दोन्हींत अनेक रोगी दगावत. हंटरने विचार केला, की गाठीजवळची धमनी रोगट. तेथे बांधलेला दोरा टिकणार कसा? त्यापेक्षा वर मांडीत, निरोगी जागी बांधावी. मुख्य वाट बंद झाली तरी लहान धमन्या रुंदावून रक्त पुढे नेतील, असा त्याचा विश्वास होता.

डिसेंबर १७८५ मध्ये ४५ वर्षांच्या एका गाडीवानावर त्याने ही शस्त्रक्रिया केली. भुलीचे औषध तेव्हा नव्हतेच. सुमारे सहा आठवड्यांनी गाडीवान शाबूत पायाने घरी गेला. १७८७ मध्ये तो तापाने वारला, तेव्हा हंटरने तो पाय मिळवून तपासला. मांडीतील त्या मार्गाला आजही हंटरचे नाव आहे. देवीची लस शोधणारा एडवर्ड जेन्नर हा त्याचाच शिष्य.

परंतु या ज्ञानपिपासेला काळी बाजूही होती. चार्ल्स बर्न या आयरिश महाकाय माणसाला आपला देह समुद्रात विसर्जित व्हावा असे वाटे. १७८३ मध्ये तो वारल्यावर हंटरने पैसे चारून ते शव मिळवले. तो सांगाडा दोन शतके प्रदर्शनात राहिला. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले, तेव्हा कोठे तो मांडणीतून हटला. ज्ञानासाठी दुसऱ्याची अखेरची इच्छा मोडावी काय, हा प्रश्न आपणा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीच विचारायचा आहे.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या सभेत वाद विकोपाला जाऊन हृदयविकाराने हंटरचे निधन झाले.

आज हा विकार ध्वनिलहरींच्या तपासणीने कळतो. गाठीत रक्त गोठून पाय गमावण्याची भीती मोठी. म्हणून रोग्याचीच शीर वापरून रक्ताला नवी वाट करून देतात. आपल्या कोनच्या रस्त्याने रात्रंदिवस मालमोटारी हाकणाऱ्यांपैकी कोणाच्या गुडघ्यामागे अशी गाठ उडू लागली, तर पाय वाचवता येतो. त्या उपचाराचा पाया एका अनाम गाडीवानाच्या पायावर घातला गेला आहे.