आपल्याच माणसांनी जाळलेला राजवाडा : यशवंतराव होळकर यांचे स्मरण

दरवर्षी गणेशोत्सवाच्या तयारीसाठी आपण जुनी इंदूरहून नदी ओलांडून राजवाड्यावर जातो. मखराचे सामान, फुले, मिठाई सारे तिथूनच येते. राजवाडा तीन वेळा जळाला हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. १९८४ च्या दंगलीतली आग ज्येष्ठांनी डोळ्यांनी पाहिली आहे. १९०८ ची आग घराघरांतून ऐकलेली आहे. पण पहिली आग १८०१ साली लागली, ती लावणारे मराठेच होते आणि ज्यांचा वाडा जळाला तेही मराठेच होते. त्या आगीच्या केंद्रस्थानी जे पुरुष होते, त्यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडक्यात मांडतो.

यशवंतराव होळकरांचा जन्म १७७६ साली पुणे प्रांतातील वाफगाव येथे झाला. वडील सुभेदार तुकोजीराव होळकर. काशीराव आणि मल्हारराव हे थोरले भाऊ, यशवंतराव आणि विठोजी हे धाकटे. वारशाच्या हिशेबात या धाकट्या दोघांचा हक्क दुय्यम मानला जाई. १७९५ मध्ये अहिल्यादेवी गेल्या, १७९७ च्या ऑगस्टमध्ये तुकोजीरावही गेले आणि होळकरशाहीचे छत्र हरपले. काशीराव व मल्हारराव यांच्यात गादीचा वाद पेटला. काशीरावांनी दौलतराव शिंद्यांची मदत घेतली. सप्टेंबर १७९७ मध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यात मल्हाररावांच्या छावणीवर छापा घातला आणि त्यात मल्हारराव मारले गेले. यशवंतराव तिथून निसटून नागपूरला गेले, तर भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. विशीतल्या या तरुणाजवळ त्या वेळी ना फौज होती ना खजिना.

कैदेतून सुटून ते खानदेश-माळव्यात आले. भिल्ल, पेंढारी, पठाण, जुने होळकरी शिलेदार असे जे जे मिळाले त्यांना जोडत गेले. अमीरखान पठाण त्यांचा साथीदार झाला. बंदूक फुटून एक डोळा गेला, तरी घोड्यावरची मांड सुटली नाही. मारल्या गेलेल्या भावाचा लहान मुलगा खंडेराव याच्या नावाने त्यांनी कारभार हाती घेतला आणि महेश्वरला आपले ठाणे बसवले.

एप्रिल १८०१ मध्ये पुण्यात बाजीराव पेशव्यांनी विठोजीला हत्तीच्या पायी देऊन मारले. जुलैमध्ये यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मोड केला आणि त्या शहराकडून जबर खंडणी वसूल केली. उज्जैन ही शिंद्यांची राजधानी, त्यामुळे उत्तर येणार हे उघड होते. दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे मोठी फौज घेऊन माळव्यात उतरले. १४ ऑक्टोबर १८०१ रोजी इंदूरजवळ लढाई झाली.

त्या काळी इंदूर म्हणजे आजच्यासारखे महानगर नव्हते. नदीकाठी मंडलोई जमीनदारांची जुनी वसती, पलीकडे होळकरांचा वाडा आणि पेठ, आणि भोवती काळ्या मातीची शेते. ऑक्टोबर म्हणजे पीक काढायचे दिवस. त्या दिवशी यशवंतराव हरले. तोफखाना गमावून त्यांना माघार घ्यावी लागली. घाटग्यांच्या फौजेने गाव लुटले आणि राजवाडा पेटवून दिला. उज्जैनची वसुली होळकरांनी केली होती, इंदूरची लूट शिंद्यांनी केली. दोन्ही गावांतल्या रयतेने या भांडणात काय केले होते?

वर्षभरात यशवंतराव पुन्हा उभे राहिले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पुण्याजवळ हडपसर येथे त्यांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्रित फौजेला हरवले. लढाई हातची जाते असे दिसताच ते स्वतः घोडदळ घेऊन तोफांवर चालून गेले. हा त्यांचा मोठा विजय. पण त्याची किंमत सगळ्या मराठेशाहीने मोजली. बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. पुढच्याच वर्षी असई आणि अडगाव येथे शिंदे-भोसले इंग्रजांशी लढले, तेव्हा यशवंतराव बाजूला राहिले. जुने वैर आड आले.

१८०४ मध्ये त्यांची पाळी आली तेव्हा ते एकटे होते. तरीही कर्नल मॉन्सनच्या फौजेला त्यांनी मुकुंदऱ्याच्या घाटापासून आग्र्यापर्यंत पळवत नेले. भरतपूरच्या किल्ल्यावर जनरल लेकचे चार हल्ले फसले, तेव्हा जाटांच्या बाजूने होळकर होते. मदतीसाठी ते पंजाबात रणजितसिंहांपर्यंत गेले, पण साथ मिळाली नाही. डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह करावा लागला.

त्यानंतर भानपुऱ्याला त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना काढला आणि रात्रंदिवस तिथे राबले. पण घरातले वैर संपले नव्हते. काशीराव आणि खंडेराव दोघेही पुढे मृत्यू पावले आणि त्याचा संशय यशवंतरावांवरच आला. चरित्र लिहिताना ही बाजू झाकणे बरोबर नाही. अखेर त्यांचे मन भ्रमिष्ट झाले. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची पस्तिशीही पूर्ण झाली नव्हती. त्यांची छत्री तिथे आहे.

सहा वर्षांनी महिदपूरला इंग्रजांशी लढाई झाली. तिच्या आदल्या दिवशी होळकरांच्याच माणसांनी तुळसाबाईंना क्षिप्रेकाठी ठार केले होते. दुसऱ्या दिवशी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, लढाई गेली. जानेवारी १८१८ च्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि आपले आजचे शहर वाढू लागले.

यशवंतरावांच्या शौर्याचे पोवाडे आपण ऐकतो, ते ऐकावेतच. पण १४ ऑक्टोबर ही तारीखही आपल्या मुलांना सांगावी असे मला वाटते. यंदा त्या दिवशी मंडळाच्या सभासदांनी मुलांना घेऊन राजवाड्यासमोर जमावे, एक पणती लावावी आणि तिथे काय घडले ते सांगावे, अशी माझी नम्र सूचना आहे. घरातल्या भांडणात शेवटी घर कोणाचे जळते, हे मुलांना त्या वाड्यासमोर उभे राहून लवकर समजेल. सर्वांना एकत्र नांदण्याची बुद्धी गणरायाने द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.