चांदा गप्प होता, तेव्हा

१८५७ चा उठाव म्हटले की आपल्याला मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी आठवते. चांदा आठवत नाही. त्या साली हा जंगलमुलूख शांतच होता. नागपुरात जूनमध्ये उठावाचा बेत फसला आणि भोसल्यांच्या वृद्ध बाकाबाई इंग्रजांच्या पाठीशी राहिल्या. मग दिल्ली पडून सहा महिने झाल्यावर, मार्च १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके लढाईत उतरले. वय अवघे पंचवीस. हरत चाललेल्या युद्धात माणूस एवढ्या उशिरा का उतरतो, या प्रश्नाने मला कादंबरीकार म्हणून पुष्कळ वर्षे झोंबाझोंबी करायला लावली आहे.

बाबुरावांचा जन्म १८३३ चा, अहेरी तालुक्यातल्या किष्टापूरचा. भोसल्यांच्या काळात हे जमीनदार नाममात्र टाकोळी भरून आपल्या रानात राजे होते. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये डलहौसीने नागपूर खालसा केले आणि मालक बदलला. मी आयुष्यभर बँकेत जमिनीचे कागद पाहिले. माणूस तोटा सोसतो, पण आपल्याच जमिनीवर कूळ होणे सोसत नाही, असा माझा अनुभव आहे. बाबुरावांच्या लढाईची मुळे मला तिथे दिसतात.

त्यांनी गोंड, रोहिले आदींची सुमारे पाचशे माणसे जमवून राजगड परगणा घेतला. कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी नांदगाव-घोसरीला गाठ पडली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलंड व हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले.

आता दुसरे तटस्थ घर पाहा. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई आधी बाजूला होत्या. पण दोन तलवारींच्या मध्ये उभे राहणाऱ्याला बाजू घ्यावीच लागते. सरकारचा दबाव वाढला, तेव्हा त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली आणि सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले. बंडखोरांच्या जमीनदारीतली गावे पुढे अहेरीला मिळाली. एकाच रानात एकाने मानासाठी, दुसऱ्याने अस्तित्वासाठी तटस्थता सोडली. दुसरीला नुसते फितुरी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

मोठ्या राष्ट्रांचेही वेगळे नसते. अमेरिका पहिल्या महायुद्धात जवळजवळ तीन वर्षे बाहेर होती. जर्मन पाणबुड्यांनी तिची जहाजे बुडवली, मेक्सिकोला तिच्याविरुद्ध फितवणारी तार उघडकीला आली आणि एप्रिल १९१७ मध्ये ती उतरली. धोका घराच्या उंबऱ्यावर आला, की अलिप्तपणा महाग पडतो.

बाबुरावांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी दिले. २००९ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. मुलूख शांत असतो, तेव्हा तो समाधानी आहे असे सरकारे समजतात. चांद्याची ती शांतता पुन्हा एकदा तपासून पाहायला हवी.