पदवी नसलेले इंजिनियर मास्तर : लक्ष्मणराव किर्लोस्कर



१५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो. तो सर विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस, आणि त्यांच्याविषयी दरवर्षी भाषणे होतात, ती व्हायलाच हवीत. यंदा मात्र अशा एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, ज्याचे आडनाव तुम्ही भाषणात नाही, तर शेतात वाचले आहे. पांढुर्णा-सौंसरकडच्या कोणत्याही जुन्या संत्र्याच्या बागेत जा, विहिरीवर गंजलेले का होईना पण एखादे इंजिन किंवा पंप सापडेल आणि त्यावर ओतीव अक्षरांत ‘किर्लोस्कर’ असे नाव असण्याचा संभव बराच आहे. आपल्या कास्तकारांच्या दोन-तीन पिढ्यांनी हे नाव कंपनीचे म्हणून घेतले. त्या नावामागचा मूळ माणूस एक शाळामास्तर होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकात लागेना. त्याला दोनच गोष्टींचे वेड होते, चित्रे काढणे आणि हाती येईल ती वस्तू उघडून तिच्या पोटात काय आहे ते पाहणे. घरातील घड्याळ किंवा कुलूप उघडणारा मुलगा आजही पालकांना डोकेदुखी वाटतो. त्या काळी तर तो वाया गेलेलाच समजला जाई. वडिलांना हे शिक्षण पसंत नव्हते, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि त्यांच्या आधाराने १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले.

दोन वर्षे बरी गेली आणि मग एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. त्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. यालाच आपण रंगांधळेपणा म्हणतो. डोळे उत्तम, रेषा सुरेख, पण रंग फसवतात! चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. घरच्यांच्या मनाविरुद्ध परमुलखात आलेल्या मुलाला त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना बारावीच्या निकालानंतर घरात दार लावून बसलेल्या मुलांना अधिक चांगली येईल.

त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. रंगाची गरज नसलेले एक चित्र असते, ते म्हणजे यंत्राचे चित्र, ज्याला मेकॅनिकल ड्रॉइंग म्हणतात. ते शिकून लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंगचे साहाय्यक शिक्षक झाले. ही संस्था १८८७ साली स्थापन झालेली. आज जिला सगळे व्हीजेटीआय म्हणतात तीच ही.

माझ्या मते लक्ष्मणरावांच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि लिहिणारे नेमका तोच दोन ओळींत उरकतात. नांगर, कारखाना, राजाची मदत ही सगळी पुढची फळे झाली, पेरणी झाली ती या शाळेत. त्यांच्याजवळ इंजिनियरिंगची पदवी नव्हती. शिकवायचे होते यंत्रांचे चित्र, पण यंत्र आतून कळल्याशिवाय त्याचे चित्र काय शिकवणार? म्हणून वर्ग सुटल्यावर ते संस्थेच्या कार्यशाळेत जात, यंत्रे खोलत, पुन्हा जोडत. संस्थेच्या ग्रंथालयात यंत्रविषयक पुस्तके आणि परदेशी मासिके येत. ती ते बसून वाचत. इंग्रजी फारसे पक्के नव्हते, तरी आकृती समोर असली की अडलेला शब्द उलगडे. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता मास्तर स्वतः शिकत गेला. आज मोठमोठ्या कंपन्या आपल्या इंजिनियरांसाठी प्रशिक्षण वर्ग ठेवतात, शिक्षकांनाही उन्हाळ्यात प्रशिक्षणाला बोलावतात. लक्ष्मणरावांना बोलावणारे कोणी नव्हते. पगार वाढणार म्हणून नव्हे, तर यंत्र कळत नाही ही टोचणी होती म्हणून ते शिकले.

याच काळात मुंबईत सायकल नवी नवी आली होती. लक्ष्मणरावांनी ती घेतली, चालवायला शिकले आणि बेळगावला रामूअण्णांकडे विक्रीसाठी सायकली पाठवू लागले. दुकानाचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स. हे साल १८८८ मानले जाते. सायकल विकायची तर गिऱ्हाइकाला आधी ती चालवायला शिकवावे लागे, म्हणजे इथेही मास्तरकी सुटली नाही!

पुढे बढतीची वेळ आली. जागा लक्ष्मणरावांच्या हक्काची होती, पण ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी वाद घातला नाही, अर्ज-विनंत्याही केल्या नाहीत. नोकरी सोडून ते बेळगावला परत आले. चांगली नोकरी सोडणारा माणूस आपल्याकडे शहाणा समजला जात नाही. तेव्हाही समजला गेला नाही.

बेळगावात छोटासा कारखाना सुरू झाला. आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग १९०३ साली लोखंडी नांगर.

आता मुलांनो, नांगराविषयी थोडे सांगायला हवे, कारण ट्रॅक्टरच्या काळात तो तुम्ही नीट पाहिलेला नसेल. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण उलथीत नाही. काळ्या कसदार रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल गेलेली असतात. वखराच्या पासेने वरचे गवत निघते, मूळ तसेच राहते आणि पावसाळ्यात पुन्हा डोके वर काढते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक बाकदार पत्रा असतो. फाळाने कापलेली माती त्यावर चढते आणि उलटी होऊन बाजूला पडते. खालची माती वर येते, मुळे उन्हात वाळतात. असे नांगर त्या वेळी इंग्लंडातून येत, पण ते महाग असत आणि मोडला तर सुटा भाग मिळणे कठीण.

लक्ष्मणरावांनी तसा नांगर इथेच केला. चाळीस नांगर तयार झाले आणि पडून राहिले! शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंड जमिनीला लागले की जमीन नासते, विषारी होते. आज आपल्याला हसू येते. पण नवीन बियाणे किंवा नवीन औषध आले की आपल्या पारावर काय बोलणे होते ते आठवून पाहा. शिवाय शेतकऱ्याची शंका अगदीच खुळी नव्हती. एक हंगाम फसला तर वर्षभर खायचे काय, हा प्रश्न त्याचा होता, कारखानदाराचा नव्हे. दोन वर्षांत जेमतेम सहा नांगर विकले गेले.

त्यातही एक उणीव निघाली. फाळाचे टोक विलायती फाळाइतके कठीण नव्हते, लवकर झिजे. इथे मास्तर पुन्हा विद्यार्थी झाला. ओतीव लोखंड सावकाश निवले की मऊ राहते आणि झटकन निवले की कठीण होते. म्हणून साच्यात ज्या जागी टोक येते तिथे थंड लोखंडाचा तुकडा ठेवतात, आणि त्याला टेकलेला रस तिथल्या तिथे कडक होतो. इंग्लंडच्या रॅन्सम कंपनीला ही विद्या शंभर वर्षांपूर्वीच, १८०३ साली साधली होती. लक्ष्मणरावांनी फाळाचे दोष गिऱ्हाइकांकडून समजून घेतले, खटपट करून फाळ सुधारला, आणि मग मात्र नांगर विकला जाऊ लागला. वापरणाऱ्या माणसाची तक्रार हाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

इतक्यात बेळगाव नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली. बस्तान बसते न बसते तोच उठण्याची पाळी आली. त्यापूर्वी औंध संस्थानात एका सभामंडपाच्या बांधकामाच्या निमित्ताने बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी त्यांचा परिचय झाला होता. बाळासाहेब आता राजे झाले होते आणि स्वतः चित्रकार होते, म्हणजे रंग सोडावे लागलेल्या माणसाला आधार मिळाला तो रंगांत रमलेल्या राजाचा. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. माळ म्हणजे निवडुंग आणि साप. पाण्याचीही वानवाच. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीचा मुहूर्त झाला. जमशेदपूरनंतरची आपल्या देशातील ही अगदी आरंभीची उद्योगनगरी. पुढे रेल्वे स्टेशनचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात येते.

तिथे कामाला माणसे कोण आली, हे पाहण्यासारखे आहे. शिकलेला इंजिनियर त्या माळावर कशाला येईल? शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर आले आणि पुढे कल्पक इंजिनियर म्हणून नावाजले गेले. पडेल ते काम अंगावर घेणारे शंभूराव जांभेकर आले. दरोड्याची शिक्षा भोगलेला तुकाराम रामोशी राखणदार झाला आणि विश्वासाला जागला. वसाहतीची सगळी व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. अस्पृश्यता वाडीत पाळायची नाही, हा दंडक होता. माणसाला काय येत नाही यापेक्षा तो काय शिकू शकेल, इकडे लक्ष्मणरावांची नजर असे. परीक्षेत नापास झालेल्यांना त्यांनी कामातून शिकवले. किर्लोस्करवाडीचा कारखाना ही एका अर्थाने व्हीजेटीआयमधल्या त्या ड्रॉइंग मास्तराची दुसरी शाळाच होती, फरक इतकाच की इथे गृहपाठ चुकला तर यंत्र चालत नसे.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येणे कठीण झाले. तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा ओतकामासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले! १९२० साली कंपनी मर्यादित स्वरूपाची झाली. उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप आणि नंतर विहिरीवरचे पंप व इंजिने असा पसारा वाढत गेला. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमधून १९२६ साली मेकॅनिकल इंजिनियर होऊन आले. वडिलांजवळ नसलेली पदवी मुलाने आणली. पुढे हरिहर, बंगलोर आणि पुणे येथे नवे कारखाने निघाले, त्याचा वृत्तान्त मोठा आहे, तो इथे नको.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. १९२० सालीच पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र काढले. हेतू साधा होता. यंत्र विकत घेणाऱ्याला ते वापरावे कसे, दुरुस्त कसे करावे, नवे काय निघाले, हे मराठीत समजावे. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे निघाली आणि मराठी घराघरांत ती वाचली गेली. यंत्राचे ज्ञान कारखान्याच्या भिंतीआड ठेवायचे नाही, ते खेड्यातल्या माणसापर्यंत त्याच्या भाषेत न्यायचे, ही त्यातली दृष्टी होती. मध्य प्रदेशात राहून मराठी शाळा चालवणाऱ्या आपणांस तिचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्या मुलांना पदार्थविज्ञान तीन भाषांत शिकावे लागते, एक घरची, एक राज्याची आणि एक कॉलेजची. आकृती मात्र तिन्ही भाषांत एकच असते, हे लक्ष्मणरावांना मुंबईच्या ग्रंथालयातच कळले होते.

विश्वस्त मंडळींना इथे एक नम्र सूचना करावीशी वाटते. सौंसर तालुक्यातच बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. नागपूरला इंजिनियरिंगला प्रवेश घेतल्यावर आयुष्यात प्रथम लेथ पाहणारी मुले आपल्याकडे आजही आहेत. नववी-दहावीच्या मुलामुलींची वर्षातून एक सहल देवदर्शनाऐवजी कारखानादर्शनाला निघाली तर फार खर्च येणार नाही. आणि गावातला मोटार रिवाइंडिंग करणारा कारागीर एखाद्या शनिवारी वर्गात येऊन मोटार उघडून दाखवील तर तोही अभियंता दिनच.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले, वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. १९८९ साली भारत सरकारने लक्ष्मणरावांच्या नावे टपाल तिकीट काढले. कोणाच्या घरी जुन्या तिकिटांचा संग्रह असेल आणि त्यात ते सापडले, तर शाळेच्या फलकावर लावण्यासाठी चार दिवस जरूर आणून द्यावे. परत मिळेल.