आघात स्वतःवर झेलणारा डॉक्टर : जॉन पॉल स्टॅप

नवी मोटार घेणारा ग्राहक हल्ली किंमत आणि मायलेज यांबरोबरच तिला सुरक्षेचे किती ‘स्टार’ मिळाले, याचीही चौकशी करतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ योजना लागू झाल्याने अशी पारख आता देशातल्या चाचण्यांच्या आधारे करता येते. समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली जाते. आत बसवलेल्या पुतळ्यांच्या डोक्यावर, छातीवर आणि पायांवर किती आघात झाला, हे संवेदक नोंदवतात. परीक्षा पत्र्याची वाटली, तरी मोजमाप माणसाच्या शरीराचे असते. पण शरीर किती आघात सोसू शकते, हे आधी कोणाला तरी शोधावे लागले. त्या शोधाचा मोठा वाटा अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांच्याकडे जातो.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधील बाहिया येथे, अमेरिकी मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. विद्यार्थिदशेत नात्यातले एक लहान मूल भाजल्याने दगावले. त्याची शुश्रूषा करताना त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. परिस्थिती बेताची असल्याने ही वाट लांबली. आधी प्राणिशास्त्र, मग जीवभौतिकीत डॉक्टरेट आणि अखेर १९४४ मध्ये वैद्यकीय पदवी असा तो प्रवास होता. त्याच वर्षी ते लष्करी सेवेत दाखल झाले.

विमान कोसळताना वैमानिक किती धक्का सोसू शकेल, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. गुरुत्वाकर्षणाच्या १८ पट, म्हणजे १८ ‘जी’ एवढ्या आघातापलीकडे माणूस जगत नाही, अशी तेव्हा समजूत होती आणि विमानातील आसने व पट्टे त्याच हिशेबाने बनत. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील म्युरॉक तळावर रुळांवरून रॉकेटच्या जोराने धावणारी आणि क्षणार्धात थांबणारी गाडी उभारण्यात आली. आधी तिच्यात पुतळा बसवला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्टॅप स्वतः तिच्यात बसले.

पुढील सात वर्षांत त्यांनी अशा दोन डझनांहून अधिक फेऱ्या केल्या. बरगड्या मोडल्या, मनगट दोनदा मोडले, दातांतले भरण निखळले, डोळ्यांत रक्तस्राव झाला. प्रत्येक फेरीनंतर शरीरात काय घडले, याची ते वैद्यकीय नोंद करीत. १८ ‘जी’ची मर्यादा केव्हाच मागे पडली. विमान आदळल्यावर माणसे मरत, त्याला नेहमी धक्काच कारणीभूत नसे. तकलादू आसने आणि अपुरे पट्टेही असत, हे त्यातून उघड झाले. पाठ प्रवासाच्या दिशेला असेल, तर शरीर अधिक आघात पेलते, हेही दिसले. तान्ह्या बाळाचे आसन मोटारीत उलट्या तोंडाने बसवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. १९४९ मध्ये याच प्रकल्पात संवेदकांची जोडणी चुकली आणि त्यातून अभियंता एडवर्ड मर्फी यांच्या नावाचा प्रसिद्ध नियम जन्मला.

१० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर शेवटची फेरी झाली. पाच सेकंदांत गाडीने ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि १.४ सेकंदांत ती थांबली. ४६.२ ‘जी’ एवढा आघात झाला. स्टॅप यांच्या डोळ्यांपुढे अंधार पसरला. दृष्टी परत येईल की नाही, याची शाश्वती नव्हती. सुदैवाने ती परतली. ‘टाइम’ साप्ताहिकाने पुढच्या वर्षी त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. या यशाला दुसरी बाजूही आहे. होलोमनच्या रुळांवर चिंपांझींवरही प्रयोग झाले आणि त्यांना संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

कीर्ती आकाशातल्या कामामुळे मिळाली, तरी स्टॅप यांचे लक्ष रस्त्याकडे वळले होते. विमान अपघातांत हवाई दलाची जितकी माणसे जात, जवळपास तितकीच मोटारींच्या अपघातांत जात होती. स्टॅप यांनी मोडीतल्या मोटारी मिळवून, त्यांत पुतळे बसवून त्या आदळवायला सुरुवात केली. विमानांच्या तळावर मोटारी कशाला, या वरिष्ठांच्या आक्षेपाला त्यांनी मृत्यूंचे आकडे दाखवून उत्तर दिले. मे १९५५ मध्ये त्यांनी या विषयातील जाणकारांना होलोमनला बोलावले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ती परिषद पुढेही भरत राहिली.

९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मोटार सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली, तेव्हा स्टॅप तेथे उपस्थित होते. त्यानंतर नव्या मोटारींना पट्टे सक्तीचे झाले. मात्र, कायदा किमान पात्रता ठरवतो. दोन मोटारींतली उजवी कोणती, हे तो ग्राहकाला सांगत नाही. ती उणीव १९७९ मध्ये अमेरिकेच्या एनकॅप चाचण्यांनी भरून काढायला घेतली. कायद्याची चाचणी ताशी ४८ किलोमीटर वेगाने होई. ही ५६ किलोमीटरने होऊ लागली आणि निकाल जाहीर होऊ लागले. स्टारची सोपी खूण १९९० च्या दशकात आली. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी वयाच्या ८९ व्या वर्षी स्टॅप यांचे निधन झाले, तेव्हा युरोपातही असे मूल्यांकन सुरू झाले होते.

ग्राहकांच्या दृष्टीने स्टॅप यांच्या आयुष्याचे सार एकच आहे. माणसाचे शरीर समजले जाते त्याहून कणखर असते, पण ते आसनाशी जखडलेले असेल तरच. ४६ ‘जी’ सोसून ते वाचले, ते पक्क्या पट्ट्यांमुळे. एनकॅपच्या धडकेतही पुतळे पट्टा लावूनच बसवलेले असतात. जाहीर होणारे स्टार त्या अवस्थेतले असतात. मागच्या आसनावर पट्टा न लावता बसणाऱ्याला पाच स्टारच्या मोटारीतही त्या पाच स्टारची हमी उरत नाही.