वाळूची नळी, ऑइल फिल्टर आणि हेन्री डार्सी

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरला बसलेल्या प्रत्येकाला डार्सी-वाइसबाख ठाऊक असतो. माझाही डार्सीशी संबंध बरेच दिवस तेवढाच होता : पाइपमधला हेड लॉस, त्यातला तो एफ आणि पदरात पडणारे चार मार्क. सिव्हिलवाल्यांना हा माणूस माती-पाण्याच्या विषयात आणखी एकदा भेटतो. पण मित्रहो, आम्ही मेकॅनिकलवाल्यांनी हक्क सांगावा असं त्याचं काम तिथेच आहे, त्या वाळूत! इंजिनाच्या ऑइल फिल्टरमध्ये एवढा घड्या घातलेला कागद का कोंबतात, याचं उत्तर देणारा नियम त्याने 1856 मध्ये छापला. बेंझची मोटारगाडी यायला तेव्हा अजून तीस वर्षं होती.

डार्सीचा जन्म 10 जून 1803 चा, फ्रान्समधल्या दिजाँ गावचा. चौदा वर्षांचा असताना वडील गेले. घरची ओढाताण होती, पण मुलांच्या शिक्षणाबाबत आई हट्टी. 1821 मध्ये पोरगा पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये गेला आणि 1823 मध्ये रस्ते-पुलांच्या इंजिनिअरिंग शाळेत. शिकून तो गावी परतला. आपल्यातले किती जण परततात, हा प्रश्न मी इथे विचारत नाही.

दिजाँचं पाणी तेव्हा घाणेरडं होतं, सगळा भरवसा विहिरींवर. डार्सीने रोझ्वार नावाच्या झऱ्याचं पाणी आणायची योजना मांडली. 1839 मध्ये काम सुरू झालं आणि 6 सप्टेंबर 1840 ला 12.7 किलोमीटर झाकलेल्या पाटातून पाणी गावच्या टाकीत पडलं. पुढे सुमारे 28 किलोमीटर पाइप आणि रस्त्यांवर दर शंभर मीटरला एक असे 142 नळ झाले. पंप एकही नाही, सगळं उतारावर! या कामाबद्दल त्याला सुमारे 55,000 फ्रँक मिळायचे होते. ते त्याने घेतले नाहीत. सोन्याचं पदक आणि आयुष्यभर घरी फुकट पाणी, एवढ्यावर भागवलं. पॅरिस-लिऑन रेल्वे दिजाँवरून जावी म्हणूनही तो झटला. त्यासाठी चार किलोमीटरचा ब्लेझीचा बोगदा खोदावा लागला.

1848 च्या क्रांतीनंतर नव्या सत्ताधाऱ्यांनी त्याला दिजाँमधून हलवलं. पुढे पॅरिसचं पाणी आणि रस्ते त्याच्याकडे आले, पाइपमधल्या प्रवाहाचे प्रयोगही त्याच काळात झाले. पण तब्येतीने दगा दिला. 1855 मध्ये कामातून मोकळं होऊन तो गावी आला. अशा वेळी कुणीही आराम केला असता. याने दिजाँच्या हॉस्पिटलच्या आवारात माणसापेक्षा उंच, 35 सेंटिमीटर व्यासाची एक लोखंडी नळी उभी केली, तीत वाळू भरली आणि वरून पाणी सोडलं.

प्रश्न साधा होता. गावाचं पाणी वाळूतून गाळायचं तर किती पाण्याला किती वाळू? यासाठी नेमका नियम हवा होता. ऑक्टोबरच्या शेवटी रिटर नावाच्या इंजिनिअरला घेऊन त्याने रीडिंग घ्यायला सुरुवात केली. हॉस्पिटलमधले नळ उघडले-मिटले की मॅनोमीटरमधला पारा नाचायचा. (आपल्या लॅबमध्ये असं झालं की आपण रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून घेतो.) त्यातूनही जे निघालं ते सरळ रेषेत बसलं : गळून येणारं पाणी क्षेत्रफळाच्या आणि दाबातल्या फरकाच्या सम प्रमाणात, थराच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात. दिजाँच्या पाण्यावरच्या जाडजूड पुस्तकात हा नियम शेवटी, एका परिशिष्टात आहे.

आता ऑइल फिल्टर. आमच्या वर्कशॉपमध्ये एक कापून ठेवलेला फिल्टर आहे, जरूर बघा. ऑइल बाहेरच्या कडेने आत शिरतं, कागदातून गाळून मधल्या भोकाभोकांच्या नळीत येतं आणि तिथून बेअरिंगांकडे जातं. कचरा जास्त अडवायचा म्हणून कागद जाड केला किंवा छिद्रं बारीक केली, तर डार्सीच्या हिशोबाने तेवढंच ऑइल ढकलायला जास्त दाब लागतो. मग उरतं काय? क्षेत्रफळ. म्हणून घड्या. क्षेत्रफळ दुप्पट झालं की कागदातून जाण्याचा वेग निम्मा होतो आणि दाबाची तूटही निम्मी होते. खरी गंमत पुढे आहे. फिल्टर वापरात मळतो आणि कागदावर कचऱ्याचा थर बसतो. तेवढाच कचरा दुप्पट जागेवर पसरला तर थर निम्म्या जाडीचा, शिवाय वेगही निम्मा. म्हणजे त्या थरामुळे होणारी तूट चौथाईवर येते! बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांतला एक लवकर दमतो आणि दुसरा टिकतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. अर्थात घड्या फारच दाटीने कोंबल्या तर त्या एकमेकींना चिकटतात, मधल्या फटीत ऑइल शिरत नाही आणि मोजलेलं क्षेत्रफळ नुसतं कागदावरच राहतं.

डार्सीने फक्त पाणी वापरलं, त्यामुळे त्याच्या सूत्रात व्हिस्कॉसिटी वेगळी दिसत नाही. ती पुढच्यांनी घातली. आपल्याला ती विसरून चालत नाही, कारण थंडीत पहाटे गाडी सुरू करताना ऑइल गरम ऑइलपेक्षा कितीतरी घट्ट असतं आणि त्याच कागदावर तूट तेवढ्याच पटीने वाढते. मग बायपास व्हॉल्व्ह उघडतो, साधारण 1 बारच्या आसपास, आणि काही ऑइल न गाळताच पुढे जातं. बेअरिंग कोरडं राहण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं! पण कागदाचं क्षेत्रफळच कमी असेल तर हा व्हॉल्व्ह वारंवार उघडतो, आणि फिल्टर बसवलेला असूनही इंजिन कचरा खात राहतं. झिजलेलं बेअरिंग हातात घेतल्यावर त्यावरचे ओरखडे पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

पुस्तक निघाल्यावर डार्सी दोन वर्षंसुद्धा जगला नाही. पॅरिसला गेला असताना न्यूमोनिया झाला आणि 3 जानेवारी 1858 रोजी तो वारला. वय अवघं 54. त्याला दिजाँमध्येच पुरलं. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकाला गावाने त्याचं नाव दिलं. पुढे टाकीभोवती बाग झाली, तीही त्याच्याच नावाची. त्या बागेत आज एक पांढरं दगडी अस्वल उभं आहे. त्याचा आणि डार्सीचा काहीएक संबंध नाही, पण फोटो काढणारे बहुतेक त्याच्याचपाशी थांबतात.