विद्वद्रत्न डॉ. भाऊजी दप्तरी : ग्रंथाचे वचन व आकाशाची साक्ष

आपल्या मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत अहवाल, जमाखर्च व गुणवंत विद्यार्थ्यांची यादी यांच्या जोडीला एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. थोर पुरुष कोणत्याही एका ज्ञातीच्या मालकीचा नसतो, तो सर्व समाजाचा ठेवा असतो, या भावनेने यंदा आम्ही नागपूरचे भूषण विद्वद्रत्न डॉ. केशव लक्ष्मण उपाख्य भाऊजी दप्तरी यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. या निवडीस आणखीही एक कारण आहे. आज घरोघरी एक वाद ऐकू येतो. वडीलधारी मंडळी शास्त्रातील वचन पुढे करतात, आणि तरुण पिढी ते ऐकून शास्त्रच नको म्हणते. दोघांचाही समज मुळात एकच असतो की, शास्त्र म्हणजे त्यातील अक्षर. हा समज किती घातक आहे हे समजावून देण्यात भाऊजींचे आयुष्य वेचले गेले.

भाऊजींचा जन्म १८८० सालचा. नागपूर ही त्यांची कर्मभूमी. बी. ए. व बी. एल. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. कायद्याच्या अभ्यासाने बुद्धीस एक विशिष्ट वळण लागते. कायद्याचे कलम वाचताना ते कोणी केले, कोणत्या प्रसंगासाठी केले, त्यास अपवाद कोणते आणि त्याचा हेतू काय, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लावता येत नाही. धर्मग्रंथांकडे पाहण्याची भाऊजींची दृष्टी याच जातीची होती. कायद्याच्या जोडीला गणित, ज्योतिष, धर्मशास्त्र, प्राचीन इतिहास आणि होमिओपॅथी अशा एकमेकांपासून दूर वाटणाऱ्या विषयांत त्यांची गती होती. पुढे डी. लिट. ही पदवी त्यांच्या नावास जोडली गेली. विद्वद्रत्न या बिरुदाने तर सारे नागपूर त्यांना ओळखू लागले.

ज्या काळात भाऊजी लहानाचे मोठे झाले, तो काळ अक्षर व अर्थ यांच्या झगड्याचा होता. ते दहाअकरा वर्षांचे असताना, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला व मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर आले. त्यापूर्वी दोनच वर्षे कलकत्त्यास फुलमणी दासी नावाची कोवळ्या वयाची विवाहिता पतीच्या अत्याचाराने मृत्यू पावली होती. तरीही गर्भाधान संस्काराचे वचन अक्षरशः पाळले पाहिजे, त्यास एक दिवसाचाही उशीर खपणार नाही, असे म्हणून मोठमोठ्या विद्वानांनी कायद्यास विरोध केला. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्याच ग्रंथांच्या आधारे विलंबास शास्त्राचा अडसर नाही हे दाखवून दिले. ग्रंथ तेच, पण एका वाचनात एका बालिकेचा जीव स्वस्त ठरत होता आणि दुसऱ्या वाचनात ती वाचत होती. शब्दशः अर्थाचा धोका याहून स्पष्ट कोणता सांगावा?

भाऊजींनी हा प्रश्न मुळापासून हाती घेतला. धर्मरहस्य व धर्मविवादस्वरूप या ग्रंथांतील त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, धर्माचे नियम मनुष्याच्या कल्याणासाठी आहेत. ते त्या त्या काळच्या जाणत्यांनी विचारपूर्वक घातले. आणि काळ पालटला म्हणजे त्याच हेतूच्या रक्षणासाठी नियम पालटण्याचा अधिकार पुढच्या जाणत्यांनाही असतो. हे मत ऐकून कित्येकांना ते पाखंड वाटले. वस्तुतः त्यास परंपरेचाच भक्कम आधार आहे. एका काळी विहित असलेली नियोगासारखी अनेक कर्मे पुढे कलिवर्ज्य म्हणून बंद झाली. ती बंद करणारे नास्तिक नव्हते, धर्मशास्त्रीच होते. उलटपक्षी त्याच कलिवर्ज्यांत समुद्रगमनही आहे. त्याचे अक्षर आज कोणी पाळू म्हणेल तर अमेरिकेत व इंग्लंडात गेलेली आपल्या घरांतील मुलेमुली बहिष्कृत ठरतील! त्यांच्या सत्काराचे नारळ मात्र आपण आनंदाने देतो. मीमांसाशास्त्राने तर विधी व अर्थवाद असा भेद फार पूर्वीच केला आहे. ग्रंथातील प्रत्येक वाक्य आज्ञा नसते, काही वाक्ये केवळ स्तुतीची किंवा निंदेची असतात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. तेव्हा अक्षराचा हट्ट ही आपली जुनी परंपरा, असे समजण्याचे कारण नाही.

या विचारास कृतीचे रूप देण्याचा यत्न लोणावळ्याच्या धर्मनिर्णय मंडळाने केला. रघुनाथशास्त्री कोकजे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अशा शास्त्रीमंडळींच्या या कार्यात नागपूरचे भाऊजी दप्तरीही होते. संस्कारांचे सुटसुटीत विधी सिद्ध करणे, अस्पृश्यतेसारख्या रूढींचा धर्मदृष्ट्या फेरविचार करणे, ही कामे या मंडळाने अंगावर घेतली. शास्त्र टाकून सुधारणा करणारे पुष्कळ होते. शास्त्र हाती धरून सुधारणा करणारे हे थोडे लोक दोन्ही बाजूंच्या टीकेचे धनी झाले.

परंतु भाऊजींच्या बुद्धीचे खरे तेज दिसले ते पंचांगाच्या क्षेत्रात. धर्मवचनाचा वाद पुष्कळदा मतावर येऊन थांबतो. पंचांगाचे तसे नाही. तेथे ग्रंथ काय म्हणतो हे एकीकडे असते आणि डोक्यावरचे आकाश दुसरीकडे. भाऊजींनी करणकल्पलता हा गणिताचा ग्रंथ संस्कृतात रचला, तसेच भारतीय ज्योतिःशास्त्राचे परीक्षण मराठीत केले. या विषयाचे मर्म सामान्य वाचकांनीही ध्यानी घेण्याजोगे आहे.

सूर्यसिद्धान्तात वर्षाचे मान ३६५ दिवस व सुमारे सव्वासहा तास धरले आहे. ऋतू ज्यावर चालतात ते सांपातिक वर्ष त्याहून सुमारे २४ मिनिटांनी लहान आहे. चोवीस मिनिटे ती काय! परंतु दरसाल चोवीस मिनिटे म्हणजे सुमारे साठ वर्षांत एक दिवस. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी मकरसंक्रांत व उत्तरायणाचा आरंभ एकाच वेळी होत असे. आज सूर्य उत्तरेकडे वळतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण तिळगूळ वाटून उत्तरायण लागले म्हणतो ते १४ किंवा १५ जानेवारीस! तेवीस दिवसांची ही चूक कोणाच्या पापाने झाली नाही. ग्रंथातील अंक अक्षरशः मानून आकाशाकडे पाहणे सोडल्याने ती साचत गेली.

तिथीच्या बाबतीतही हेच घडले. तिथीची वृद्धी पाच घटका व क्षय सहा घटका याहून अधिक होत नाही, असा बाणवृद्धिरसक्षय नावाचा नियम जुन्या पंडितांत रूढ होता. प्रत्यक्ष वेधाने पाहता तिथी सुमारे सदुसष्ट घटकांपर्यंत वाढते व पन्नास घटकांपर्यंत घटते. म्हणजे वृद्धी सातांची व क्षय दहांचा. कित्येक शास्त्र्यांनी हे सूक्ष्म गणित अधार्मिक ठरविले. एकादशीचा उपवास चुकीच्या दिवशी पडला तरी चालेल, पण नियमाचे अक्षर मोडता कामा नये, असा तो पवित्रा होता. आणि गंमत अशी की, ग्रहण मात्र प्रत्यक्ष दिसेल तेव्हाच सर्वांनी पाळावयाचे, कारण तेथे आकाश खोटे बोलू देत नाही.

महाराष्ट्रात शतकानुशतके ज्या ग्रंथावरून पंचांगे झाली तो ग्रहलाघव १५२० सालच्या सुमारास नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी रचला. गणेश दैवज्ञांनी काय केले? जुन्या सिद्धान्तांपैकी ज्याचा जो ग्रह आकाशाशी जुळला तो त्याचा घेतला, आणि जेथे जुळला नाही तेथे संस्कार दिला. वराहमिहिराने त्याही पूर्वी, सहाव्या शतकात, जुन्या ग्रंथांतील अयनाचे स्थान आपल्या काळी बदलले असल्याचे नमूद करून प्रत्यक्ष परीक्षणाने खात्री करण्यास सांगितले आहे. ज्यांनी स्वतः डोळे उघडे ठेवून ग्रंथ लिहिले, त्यांच्याच नावाने डोळे मिटण्याचा आग्रह धरणे हा त्या ऋषितुल्य पुरुषांचा सन्मान नव्हे. केरो लक्ष्मण छत्रे, शंकर बाळकृष्ण दीक्षित, लोकमान्य टिळक यांनी पंचांगशुद्धीची जी परंपरा महाराष्ट्रात चालविली, तिचे भाऊजी हे वारस होत.

येथे आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. पंचांगशुद्धी मान्य करणाऱ्यांतही राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा यावर मतभेद राहिला. एक पक्ष रेवतीची तारा प्रमाण मानतो, दुसरा चित्रेची. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. एका नक्षत्राचा विस्तार तेरा अंश वीस कला. त्याचा अर्थ असा की, एकाच क्षणी जन्मलेल्या बाळाचे नक्षत्र दर दहांपैकी तीन वेळा या पंचांगात एक व त्या पंचांगात दुसरे येते. आता आपल्या वधूवर सूचक मंडळातील प्रकार आठवा. मुलगी सुस्वभावी, शिकलेली, घर तोलामोलाचे, दोन्हीकडची मंडळी राजी. आणि एक नाड आली म्हणून पत्रिका परत! कोणत्या पंचांगाने एक नाड आली, हे कोणी विचारीत नाही. पंचांग बदलले असते तर कदाचित नाडही बदलली असती. एका छापील कोष्टकाच्या अक्षरावर किती मुलींची वर्षे वाया गेली, याचा हिशेब कोणत्याही जमाखर्चात नाही. ज्यांची या गोष्टींवर श्रद्धा आहे त्यांची श्रद्धा दुखविण्याचा आमचा हेतू नाही. श्रद्धेनेही आपला आधार तपासून घ्यावा, एवढीच विनंती.

चरित्र लिहिताना नायकाचे दोष झाकण्याची चाल आहे, पण भाऊजींसारख्या सत्यशोधकास ती रुचली नसती. प्राचीन इतिहासाचा काळ ज्योतिषाच्या साहाय्याने ठरविण्याचा त्यांनी मोठा उद्योग केला. नागपूर विद्यापीठाच्या किनखेडे व्याख्यानमालेत १९४२ साली त्यांनी याच पद्धतीवर व्याख्याने दिली. भारती युद्ध त्यांनी इ. स. पूर्व बाराव्या शतकात आणून ठेवले. परंपरेने मानलेल्या कलियुगारंभाच्या काळाहून हे सुमारे दोन हजार वर्षे अलीकडे. युगांचे अंक जसेच्या तसे न घेण्याचे त्यांचे धैर्य येथेही दिसते. परंतु महाभारतातील ग्रहस्थितीची वर्णने ही प्रत्यक्ष पाहून केलेली नोंद आहे की कवीने रंगविलेली अपशकुनांची चित्रे आहेत, हा प्रश्न राहतोच. अशा वर्णनांवर गणित उभारणाऱ्या विद्वानांचे काळ एकमेकांशी जुळत नाहीत आणि भाऊजींचा निष्कर्षही सर्वमान्य झाला नाही. शब्दशः अर्थाचा मोह किती सूक्ष्म असतो, हे यावरून कळते. जो आयुष्यभर त्याविरुद्ध लढला, त्याच्याही लेखणीवर तो कधी येऊन बसतो. म्हणून भाऊजींचे ग्रंथही डोळे मिटून मानू नयेत. त्यांचाच धडा त्यांना लावावा.

स्वातंत्र्यानंतर देशभर सुमारे तीस निरनिराळी पंचांगे चालू असल्याचे सरकारच्या ध्यानी आले. नोव्हेंबर १९५२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. त्या मोजक्या सभासदांत नागपूरचे डॉ. दप्तरी होते, तसेच पुण्याचे ज. स. करंदीकरही होते. एका बाजूस पदार्थविज्ञानाचे जगद्विख्यात पंडित आणि दुसऱ्या बाजूस संस्कृत सिद्धान्तग्रंथ मुखोद्गत असलेले आपल्या गावचे भाऊजी, असा तो योग होता. १९५५ साली समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शक कालगणना, वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी वर्षारंभ, महिन्यांचे ठरलेले दिवस, ही दिनदर्शिका त्यातून निघाली. सणावारांसाठी मात्र जुन्या राशिचक्राशी तडजोड करावी लागली, आणि म्हणून आपली संक्रांत अजूनही जानेवारीतच आहे. लोकांच्या मनातील अक्षर एका अहवालाने पुसले जात नाही.

ते काम फळास आलेले पाहणे दोघांच्याही नशिबी नव्हते. डॉ. साहा १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिवंगत झाले, आणि भाऊजींनीही त्याच वर्षी इहलोकीची यात्रा संपविली. २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. भारत सरकारच्या राजपत्रावर इंग्रजी तारखेच्या जोडीला जी शक मिती छापलेली असते, तिच्यामागे नागपूरच्या या पंडिताचे श्रम आहेत, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

भाऊजींची आठवण ठेवण्यास पुतळ्याची गरज नाही. घरात एखाद्या वचनावरून वाद पडेल तेव्हा वडिलांनी ते वचन कोणी, केव्हा व कशासाठी सांगितले हे मुलांस समजावून द्यावे. सांगता आले नाही तर मुलांसह शोधावे. मुलांनीही ग्रंथ न उघडताच तो फेकून देऊ नये. आणि २२ डिसेंबरच्या आसपास चारआठ दिवस पहाटे गच्चीवर किंवा अंगणात जाऊन सूर्य कोठून उगवतो ते एकाच जागेवरून पाहून ठेवावे. दक्षिणेकडे सरकणारा तो बिंदू थबकलेला दिसेल, आणि पुढे हळूहळू उत्तरेकडे वळू लागेल. गणेश दैवज्ञांनी आकाश असेच पाहिले होते. ही सवय आपल्या कुटुंबांत रुजो, एवढीच या चरित्राच्या निमित्ताने प्रार्थना.